दाव्याला बांधलेला जीव आणि पौषातील थंडी
(भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी जीवदयेचा विषय निघावा, हे स्वाभाविकच आहे. जैन समाजाची कोणतीही संस्था असो, तिच्या हिशेबाच्या वहीत देवद्रव्य आणि साधारण खाते यांच्या जोडीला जीवदयेचे खाते असतेच. त्या खात्यात भरणा होतो तो प्रामुख्याने पर्युषण पर्वात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. परंतु गोठ्यातल्या आणि उंबऱ्याबाहेरच्या मुक्या जीवावर कठीण रात्री येतात त्या मार्गशीर्ष-पौषात. भाद्रपदात दिलेले दान पौषातल्या पहाटेपर्यंत पोहोचते की नाही, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईपासून फार दूर नाहीत. तरीही येथील हिवाळा मुंबईचा नव्हे. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, माहुली आणि सिद्धगडाचे डोंगर, माळशेज व नाणेघाटाच्या उतरणी, आणि पायथ्याशी भातसा, तानसा व बारवी यांचे विस्तीर्ण जलाशय. सूर्यास्तानंतर डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि खोलगट शिवारात साचते. दुपारी ऊन तापते, पण पहाटे आतल्या गावांत पारा १२-१३ अंशांच्या आसपास, तर कधी त्याहूनही खाली उतरतो. त्यात दव पडते. दुपार आणि पहाट यांमधला हा मोठा फरक तान्ह्या, म्हाताऱ्या आणि आजारी जनावराला सोसत नाही.

या भागातले मूळचे डांगी जनावर कणखर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या कातडीतून पाझरणारा तेलकट अंश मुसळधार पावसातही त्याचे रक्षण करतो. धडधाकट, पोटभर खाल्लेले आणि कोरडे असलेले मोठे जनावर येथील थंडी सहज सोसते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. म्हणून प्रश्न केवळ थंडीचा नाही. ओल, वारा आणि भूक यांपैकी एखादी गोष्ट थंडीला येऊन मिळाली की जनावर खचू लागते. आणि या तिन्ही गोष्टी जनावराच्या हाती नसून ते बांधणाऱ्याच्या हाती असतात.

मोकळे जनावर आपली सोय आपण पाहते. वारा सुटला की ते बांधाच्या आडोशाला जाते, ऊन पडले की उन्हात येते, ओली जागा सोडून कोरडी जागा धरते, कळपात एकमेकांना खेटून बसते. दाव्याला बांधलेल्या जनावराला यांतले काहीच करता येत नाही. खुंट्यापासून दोन हातांचे अंतर एवढेच त्याचे जग. ती जागा ओली असेल तर रात्रभर ओलीत बसायचे, वाऱ्याच्या तोंडी असेल तर रात्रभर वारा खायचा. ज्याने गळ्यात दावे अडकवले, त्याने त्या जीवाचे स्वतःला वाचवण्याचे साधन काढून घेतले. साहजिकच ते वाचवण्याचे कर्तव्य त्याच्याच शिरावर येते.

जैन शास्त्रकारांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जीवाला जखडून ठेवणे, मारझोड करणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यांत बंधाचा उल्लेख पहिला आहे. प्रत्यक्ष प्राण न घेताही व्रताला डाग लागतो, तो असा. बावीसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ विवाहाच्या वरातीतून परत फिरले, तेही कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार, जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अथवा दोरीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही गुन्हाच आहे. शास्त्रातला बंध आणि अन्नपाननिरोध कायद्याच्या भाषेत असे पुन्हा भेटतात.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळणे योग्य ठरेल. गाईच्या शरीराचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ते टिकवण्यासाठी तिच्याकडे तीन साधने असतात: पोटातले अन्न, अंगावरचे केस आणि अंगाखालची कोरडी जमीन. केस उभे राहिले की त्यांच्यात हवेचा थर अडकतो आणि तोच तिचा कोट. पण केस भिजले वा शेणाने चिकटले की हा थर मोडतो. त्यामुळे हिवाळ्यात जनावरास संध्याकाळी धुऊ नये. धुवायचेच झाल्यास भर दुपारी उन्हात धुवावे आणि अंग लगेच पुसून काढावे. रोजचा खरारा केला तरी केस मोकळे राहतात.

गोठ्यात पहिली काळजी जमिनीची. मूत्र वाहून जाईल असा उतार आणि चर असावा. शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. गिरण्यांतून तूस मिळते, खळ्यावर पेंढा असतो. खाली तूस आणि वर पेंढ्याचा जाड थर असे अंथरूण घालावे. सकाळी ओला भाग काढून उन्हात पसरावा आणि सायंकाळी कोरडा थर पुन्हा घालावा. सिमेंटच्या उघड्या कोब्यावर रात्र काढणाऱ्या जनावराच्या अंगातली ऊब जमीन सतत शोषून घेते, हे ध्यानी ठेवावे.

दुसरी काळजी वाऱ्याची. कारवीच्या कुडाला फटी पडल्या असतील तर शेणमातीने लिंपून घ्याव्यात. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडावा. मात्र थंडीच्या भीतीने गोठा चहूबाजूंनी बंद करणे घातक असते. कोंडलेल्या हवेत मूत्रातून निघणारा अमोनिया साचतो, छपराला दमट वाफ धरते आणि फुप्फुसांना सूज येते. सकाळी गोठ्यात शिरताच माणसाचे डोळे चुरचुरले, तर रात्रभर तेथे राहिलेल्या वासराची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करावा. जनावर बसते त्या उंचीपर्यंत वारा अडवावा आणि छपराजवळ हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

तिसरी काळजी अन्नपाण्याची. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कोरड्या चाऱ्याचे पचन चालू असताना उष्णता निर्माण होते. ती त्याची आतली शेगडी होय. म्हणून हिवाळ्यात कोरड्या चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी द्यावा, म्हणजे रात्रभर ही शेगडी चालू राहील. नुसत्या पेंढ्याने पोट भरते, पण पोषण होत नाही. त्यासोबत पेंड, थोडा गूळ आणि खनिज मिश्रण द्यावे. दवाने ओथंबलेला हिरवा चारा ऊन चढल्यावरच घालावा.

पाण्याकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दुभत्या गाईला दिवसाकाठी सुमारे ५० लिटर पाणी लागते. टाकीतले रात्रभर गारठलेले पाणी ती कमी पिते. त्यामुळे चारा पचत नाही, शेण घट्ट होते आणि दूधही घटते. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी सकाळी टाकीतल्या पाण्यापेक्षा उबदार असते. तेच गाळून पाजावे, अथवा थोडे गरम पाणी मिसळावे. जनावर पाणी पीत नाही म्हणून न पाजणे आणि अन्नपाननिरोध यांत फारसे अंतर उरत नाही.

येथे दानाविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मकरसंक्रांत नेमकी थंडीत येते. त्या दिवशी श्रद्धेने गाईला लाडू, शिजवलेले धान्य, पोळ्या भरवल्या जातात. दहा घरांनी दहा वेळा भरवलेले हे अन्न एकाच गाईच्या पोटात जाते. एकदम जास्त धान्य गेल्यास तिच्या पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते, प्रसंगी दगावतेही. हेतू पुण्याचा असतो आणि परिणाम हिंसेचा होतो. त्या दिवशी लाडवाच्या ऐवजी चाऱ्याची पेंढी द्यावी. गाईला तीच पचते.

चौथी काळजी पांघरुणाची, आणि येथे व्यापारी समाजाला आपले ज्ञान उपयोगी आणता येईल. कोणते कापड कोणत्या कामाचे, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. सुती कापड दव पिते आणि ओलेच राहते. रात्री उघड्यावर बांधलेल्या जनावराच्या अंगावर ते टाकल्यास ऊब मिळण्याऐवजी गारठा वाढतो. पॉलिस्टर आणि प्लॅस्टिक वारा अडवतात, पण अंगाची वाफ बाहेर जाऊ देत नाहीत. आतून घाम धरतो. लोकर थोडी दमट झाली तरी उबदार राहते. म्हणून धनगरांची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. घोंगडी विरली की ती फेकून न देता वासरासाठी ठेवावी. मोठ्या जनावराला तागाचे गोणपाट सर्वांत सोयीचे.

कापडाच्या गाठींचे बारदान आणि धान्याची रिकामी पोती व्यापाऱ्यांच्या गोदामात पडून असतात. दोन पोती उसवून एकत्र शिवली की मध्यम बांध्याच्या जनावराची झूल तयार होते. झूल खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत यावी, मागची बाजू मोकळी असावी आणि पोटाखालून दोन रुंद पट्ट्या सैल बांधाव्यात. बारीक सुतळी अंगात रुतते. लोंबते टोक जनावर चावून गिळते. खत, सिमेंट किंवा कीटकनाशकाचे पोते मुळीच वापरू नये, कारण जनावर अंग चाटते. झूल संध्याकाळी घालावी, सकाळी ऊन आले की काढावी, झटकून वाळवावी. दिवसभर तशीच राहिलेली दमट झूल उवा-गोचिडांचे घर बनते.

पाचवी काळजी तान्ह्या आणि वृद्ध जीवांची. मोठ्या गाईला न बोचणारी थंडी नवजात वासराला बोचते. अंग कोरडे आणि हवा स्थिर असतानाही साधारण १० ते १५ अंशांच्या खाली पारा गेला की शरीराची ऊब टिकवण्यासाठी त्याची शक्ती खर्च होऊ लागते. येथील पौषातली पहाट नेमकी याच मर्यादेत येते. वासरू जन्मताच त्याचे अंग कोरड्या गोणपाटाने चोळून पुसावे आणि पहिल्या एक-दोन तासांत त्याला चीक पाजावा. त्या चिकातच त्याची शक्ती आणि रोगप्रतिकार असतो. खरवसासाठी चीक स्वयंपाकघरात येण्यापूर्वी वासराचा वाटा त्याच्या पोटात गेला पाहिजे. करडांची काळजीही अशीच घ्यावी. त्यांना उंच फळीवर वा पेंढ्याने भरलेल्या खोक्यात आईसह ठेवावे.

ज्या जनावराचे कान गार पडले आहेत, जे थरथरत आहे, ज्याच्या नाकातून शेंबूड वाहतो, ज्याने रवंथ थांबवले आहे किंवा जे उठत नाही, त्याला घरगुती उपायांवर न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

शेकोटीचा विषय मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण बहुतेकांना तोच उपाय प्रथम सुचतो. मार्गशीर्ष वद्य दशमीला भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक येते. समाज त्याला पोष दशमी म्हणून ओळखतो. कमठाच्या पंचाग्नीतले लाकूड फोडवून जळणारा नाग बाहेर काढणाऱ्या पार्श्वकुमारांची कथा प्रत्येक घरी सांगितली जाते. थंडीच्या दिवसांत तिचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. लाकडात, गोवऱ्यांत आणि पेंढ्यात त्या ऋतूत असंख्य जीव आसऱ्याला आलेले असतात. उजेडावर किडे झेप घेतात. शिवाय गोठ्यात पेंढा असतो. एका ठिणगीने दाव्याला बांधलेली सारी जनावरे जळू शकतात, कारण त्यांना पळता येत नाही. बंद जागेतला धूर तर वासराला थंडीपेक्षा अधिक मारक ठरतो. कोरडे अंथरूण, अडवलेला वारा, भरलेले पोट आणि झूल एवढे असेल तर आगीची गरजच उरत नाही. पेंढा हलवतानाही जयणा ठेवावी. हातात काठी घेऊन आधी तो हळूच सारावा. त्यात विंचू-सापही निजलेले असतात, आणि तेही जीवच आहेत.

गोठ्याबाहेरचे जीव म्हणजे कुत्री आणि मांजरे. पावसाळा सरल्यावर गल्लीतल्या कुत्र्यांना पिल्ले होतात आणि ती ऐन थंडीत डोळे उघडतात. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब राखता येत नाही. आई अन्न शोधायला गेली की ती गारठतात. दुकानाच्या मागे एखादे लाकडी खोके जमिनीपासून चार बोटे उंच ठेवून त्यात पेंढा घातला आणि तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला केले, तर तेवढ्याने पिल्ले वाचतात. खोक्यात जुनी चादर घालण्यापेक्षा पेंढा बरा, कारण चादर दवाने भिजते. घरच्या कुत्र्याला गच्चीत किंवा ओट्याच्या थंड फरशीवर साखळीने बांधून ठेवू नये. मांजर उबेसाठी मोटारीच्या इंजिनाजवळ शिरते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आणि थंडीने आजारी पडलेल्या प्राण्याला माणसाची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते.

या परिसरात पौषातल्या थंडीचे मोठे दर्शन घडते ते मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील यात्रेत. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची ही यात्रा भरते. तिची ख्याती दोन गोष्टींसाठी: बैलांचा बाजार आणि घोंगड्यांचा बाजार. ज्या मैदानात थंडीवरचे वस्त्र विकले जाते, त्याच मैदानात बैल उघड्यावर बांधलेले असतात. माणूस घोंगडी घेऊन घरी जातो. चालून थकलेल्या बैलाच्या पाठीवर मात्र दव पडत राहते. यात्रेला जाणाऱ्या श्रावकाने, आणि यात्रेत माल विकणाऱ्यानेही, एखादे पोते बैलाच्या पाठीवर टाकण्याची आठवण मालकाला करून द्यावी. विकत घेतलेले जनावर घरच्या जनावरांपासून दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, हेही सांगावे. २०२२ मध्ये राज्यात पसरलेल्या लम्पी आजाराने हा धडा सर्वांना दिला आहे.

जीवदयेच्या संस्थात्मक परंपरेचा विचार करता मुंबईच्या पांजरापोळीचे स्मरण अटळ आहे. १८३२ मध्ये मुंबईत बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद (मोतीशा) यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. एक पारशी आणि एक जैन व्यापारी मुक्या प्राण्यांसाठी एकत्र आले, ही घटना आजही मार्गदर्शक आहे. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्या बंदीचा कायदा लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलालाही अभय मिळाले. पण अभय मिळालेला बैल कसायापासून वाचून गोठ्यात गारठून मेला, तर ते अभयदान अपुरेच राहिले. जीव सोडवण्याचा खर्च एकदाच येतो. जीव जगवण्याचा खर्च आणि कष्ट मात्र रोजचे असतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेपुढे एक साधा संकल्प ठेवणे उचित होईल. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपून साधु-साध्वीजींचा विहार सुरू होतो. त्याच दिवसापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ जीवदयेच्या खात्यात स्वतंत्र लिहावा. व्यापाऱ्यांनी कार्तिकीपूर्वी आपल्या गोदामांतले स्वच्छ बारदान उपाश्रयात जमा करावे. भगिनी मंडळाने त्याच्या झुली शिवाव्यात. तरुणांनी किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे अशा गावांकडच्या ज्या गोठ्यांत वृद्ध किंवा तान्ही जनावरे आहेत, तेथे त्या पोहोचवाव्यात आणि चाऱ्यासाठी हातभार लावावा. मात्र हे करताना आदिवासी आणि कुणबी बांधवांना उपदेश करण्याची भूमिका नसावी. जनावरासोबत त्यांनी आयुष्य काढलेले असते. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या घरात माणसालाच पांघरूण नसेल, तेथे प्रथम माणसाला पांघरूण द्यावे आणि मग गोठ्यात जावे. जीवदयेत मनुष्यही येतोच.

मंदिरात दर्शन घेताना श्रावकाची दृष्टी मूर्तीच्या पायाशी असलेल्या लांछनाकडेही जाते. भगवान ऋषभदेवांचे लांछन वृषभ, भगवान वासुपूज्यांचे महिष आणि भगवान कुंथुनाथांचे बोकड. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावर दाव्याला बांधलेले दिसतात ते हेच तीन जीव. पूजेच्या वेळी ज्यांना चंदनाचे बोट लागते, त्यांच्या अंगावर पौषातल्या रात्री एक कोरडे गोणपाट असावे, अंगाखाली पेंढा असावा आणि सकाळी पाजलेले पाणी बर्फासारखे नसावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.